शोकाची रजा

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस निमंत्रण दिले तेव्हा त्यांची अपेक्षा एखाद्या संपाच्या इतिहासाची होती. आम्ही विषय कळविला तो शोकाचा. त्यावर त्यांचे पत्र आले की, वसंतातल्या व्याख्यानांना हा विषय जरा उदास नाही का होणार? आम्ही उलट टपाली लिहिले की, माणसे वसंतातही जातात, आणि मागे राहिलेल्यांना तिसऱ्या दिवशी पाळीवर हजर व्हावे लागते. चालक भले गृहस्थ. त्यांनी पुन्हा काही लिहिले नाही.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते संघटनेच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटापुढे. तेव्हा मानसशास्त्रावर अधिकाराने बोलण्याचा आमचा हक्क नाही. परंतु तीस वर्षे कामगारांत काढली, आणि तेवढ्या काळात आम्ही लग्नघरी गेलो त्याहून जास्त वेळा मयताच्या घरी गेलो. माणूस गेला म्हणजे मागे राहिलेल्याला आधार कोठून मिळतो, हा प्रश्न आम्हांस पुस्तकात भेटण्यापूर्वी उंबरठ्यावर भेटला. आजकाल त्या आधाराला समुपदेशन म्हणतात. शब्द नवा, गरज फार जुनी. त्या गरजेचा आपल्या भागातला इतिहास चाळू लागलो तेव्हा ध्यानात आले की, तो इतिहास पुष्कळ अंशी वेळेच्या मालकीचा इतिहास आहे. दुःख करायला वेळ लागतो; आणि ज्याचा वेळ दुसऱ्याच्या मालकीचा, त्याचे दुःखही दुसऱ्याच्या सोयीने चालते.

प्रथम सायवनची हकिगत सांगतो. चारोटी नाक्यावरून आत वळले की कासा लागते, आणि कासा सोडले की सायवनचा रस्ता. आपण डहाणूकर मंडळी महालक्ष्मीच्या जत्रेला दरसाल जाता. त्याच्या आत मात्र फारसे कोणी जात नाही. तेथल्या एका पाड्यावरचा तरुण ठेकेदारामार्फत औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात कामाला होता. अपघातात तो गेला. कारखान्याचे नाव येथे घेत नाही, आजचा विषय तो नव्हे. ठेकेदार म्हणाला हा माणूस माझ्याकडे नव्हताच. कारखाना म्हणाला ठेकेदाराला विचारा. चौदा महिने आम्ही झगडलो. हजेरीचा कागद मिळविला, साक्षीदार उभे केले, आणि नुकसानभरपाईचा हुकूम घेऊन स्वतः सायवनला गेलो. खोटे कशाला सांगावे, छाती थोडी फुगलेली होती. त्या मुलाची आई, पाड्यावर तिला सगळे डोसी म्हणत, कुडाला टेकून बसली होती. तिने कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला, बाजूला ठेवला आणि म्हणाली, "भाऊ, कागद त आनलास. पन बसलास कधी?"

आम्ही ओशाळलो, आणि मनातून थोडे रागावलोही. चौदा महिने कोणासाठी धावलो? बाईचे म्हणणे नीट उमगायला पुढे काही वर्षे गेली. ती कशी गेली ते ओघात येईलच.

आपल्या पांढरपेशा आणि शेतकरी घरांतून शोकाची एक रीत पूर्वापार चालत आली आहे. घरात चूल पेटत नाही, शेजारी पिठले-भात आणतात. सुतक पाळतात. दहावा होतो, कावळ्याची वाट पाहतात, तेरावा होतो. लांबचे नातेवाईक समाचाराला येतात आणि पुन्हा पुन्हा तेच विचारतात, कसे झाले? केव्हा झाले? शेवटी काही बोलले का? सुधारकांनी या रीतीची पुष्कळ थट्टा केली आहे, आणि तिच्यातल्या सोवळ्या-ओवळ्याबद्दल ती योग्यच होती. परंतु त्या प्रश्नांकडे नीट पाहा. घरातली बाई तीच कहाणी वीस वेळा सांगते. विसाव्या वेळेला तिच्या सांगण्यात पहिल्या वेळचा थरकाप नसतो. हे काम समाचाराला आलेल्यांनी न कळत केलेले असते. मात्र या साऱ्या व्यवस्थेला तेरा दिवस लागतात. तेरा दिवस दुकान बंद ठेवणे ज्याला परवडते, कचेरीतून रजा ज्याला मिळते, त्याचीच ही व्यवस्था.

वारल्यांची रीत वेगळी. त्यांच्यात लग्न लावते धवलेरी, ती बाई असते. आणि मृताला मार्गस्थ करतो कामडी, तो पुरुष असतो. मृत्यूनंतरच्या मोठ्या विधीला 'दिवस' म्हणतात. तो लगेच होत नाही. घरात दाणा आला, नातलग जमू शकले म्हणजे दिवस घालायचा. रात्रभर कामडी गातो, हाती घांगळी असते, भोपळ्यांची, तारांची. के. जे. सावे यांचा वारल्यांवरचा इंग्रजी ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध झाला. त्याच साली वारल्यांनी सावकार-जमीनदारांविरुद्ध मान वर केली. एका बाजूने त्यांच्या चालीरीती कागदावर उतरत होत्या, दुसऱ्या बाजूने ते स्वतः उठून उभे राहत होते.

उभे कशाविरुद्ध राहत होते? वेठीविरुद्ध. मुंबई सरकारने आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यास नेमलेले डी. सिमिंग्टन यांचा अहवाल १९३९ साली निघाला. हे गृहस्थ सरकारी अधिकारी होते, चळवळे नव्हते. त्यांनी लिहून ठेवले आहे की, जंगलपट्टीतल्या कुळांना जमीनदार हवे तेव्हा कामाला बोलावतो, त्याचे काम असेल तितके दिवस राबवितो, आणि कोणी नाकारले वा चालढकल केली तर मार बसतो. "काम असेल तितके दिवस" हा भाग आम्ही वाचला तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तसेच बसलो. ज्याने लग्नासाठी कर्ज काढले तो लग्नगडी होई. नवरा राबे, बायको राबे, कर्ज फिटत नसे. असल्या माणसाचा बाप गेला तर त्याच्या सुतकाचे दिवस कोणी मोजायचे? ज्याचा दिवस स्वतःचा नाही त्याचे सुतकही स्वतःचे नाही. दाणा आला म्हणजे दिवस घालायचा, असे आपण आता म्हटले. पण दाणा खळ्यावरूनच खंडात आणि कर्जात जात असे. म्हणजे मृताला निरोप देण्याची तारीखदेखील सावकाराच्या वहीत अडकलेली. त्यात या विधीला दारू लागते, कोंबडे लागते, पाहुण्यांना जेवण लागते, आणि त्यासाठी पुन्हा त्याच दारी जावे लागते. आमच्या काही मित्रांना आदिवासींच्या रीतीचे वर्णन करताना भरून येते. आम्हांलाही येते, पण या हिशेबाचा विसर पडू देऊ नये.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्यास किसान सभेचे अधिवेशन भरले. तेथे तलासरीकडून माह्या धांगडा गेले आणि वारल्यांची कहाणी सभेपुढे मांडली. पुढे २३ मे १९४५ रोजी झरी येथे आदिवासींची परिषद झाली. सुमारे पाच हजार माणसे जमली, शामराव आणि गोदावरी परुळेकर तेथे होते. ठरले ते अगदी साधे: वेठ करायची नाही, बारा आणे रोज मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या शेतावर जायचे नाही. इतिहासाच्या पुस्तकात हा मजुरीचा लढा म्हणून येतो, आणि तो तसा होताच. परंतु वेठ बंद होणे म्हणजे काय, हे मजुरीच्या आकड्यात मावत नाही. आयुष्यात प्रथमच त्या माणसाला सकाळी उठून "आज मी येत नाही" असे म्हणण्याची मुभा मिळाली. कशासाठी येत नाही? त्याची मर्जी. पोर आजारी असेल. बाप गेला असेल. नुसते अंगणात बसून राहावेसे वाटत असेल.

त्या मुभेची किंमत लवकरच मोजावी लागली. पावसाळा सरला, गवतकापणीचा हंगाम आला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये ही मजुरांची मागणी होती, जमीनदार तेवढे देत नव्हते, संप झाला. ऑक्टोबरात अफवा उठविली गेली की गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, सर्वांनी तलवाड्यास जमावे. हजारोंनी माणसे जमली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तेथे पोलिसांनी गोळीबार केला. पाच आदिवासी ठार झाले. त्यांतले जेठ्या गांगड यांचे नाव आजही या भागात घेतले जाते. परुळेकरांना जिल्ह्यातून हद्दपार केले गेले.

त्या पाच घरांतला शोक कसा गेला, हे कोणी लिहून ठेवलेले आमच्या वाचनात नाही. चळवळीच्या पुस्तकांत हुतात्मे असतात, हुतात्म्यांच्या बायका फारशा नसतात; ही आमच्याच वर्गाची उणीव आहे आणि ती कबूल केली पाहिजे. तरी एक गोष्ट घडली. १० ऑक्टोबर हा दिवस लोकांनी सोडला नाही. लाल बावट्याखाली माणसे जमतात, नावे घेतली जातात. घरातला माणूस गेला आणि त्याचे नाव दरवर्षी चारचौघांत मोठ्याने उच्चारले गेले, तर त्या घराला काय वाटते हे ज्याने अनुभवले त्यालाच कळेल. वारल्यांना ही गोष्ट नवी नव्हती. नाव घेऊन मृताला बोलावणे हे कामडीचेच काम. सभेने ते रात्रीतून दिवसात आणले, आणि अंगणातून मैदानात.

शामराव परुळेकर ३ ऑगस्ट १९६५ रोजी ऑर्थर रोड तुरुंगात स्थानबद्ध असतानाच वारले. गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक त्यानंतर पाच वर्षांनी, १९७० साली आले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. पुस्तक वारल्यांच्या लढ्याचे आहे, ते विलापाचे नाही. पण ज्या वाटांनी दोघे मिळून चालले होते त्याच वाटा बाई एकट्या बसून पुन्हा चालल्या, हे वाचताना ध्यानी आल्यावाचून राहत नाही. त्यांनी काय मनाशी धरून लिहिले हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही.

कामगार चळवळीचा आणि शोकाचा संबंध मात्र झरीहून जुना आहे, आणि त्यासाठी पंचावन्न वर्षे मागे, मुंबईस जावे लागते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणीकामगारांची सभा काढली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपण रविवारकडे आरामाचा वार म्हणून पाहतो. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेला कामगार त्याच्याकडे कसा पाहत असेल? सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत साच्यावर उभा असणाऱ्या माणसाच्या शेजारच्या खोलीत कोणी गेले, तर त्याला तेथे जाऊन बसायला आठवड्याचा एक वार त्या दिवसापासून मिळाला.

लोखंड्यांचे दुसरे काम याहूनही आमच्या विषयाच्या जवळचे. त्याच १८९० साली त्यांनी मुंबईच्या न्हावी मंडळींची सभा भरविली, आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही असे त्या कारागिरांनी ठरविले. नवरा गेलेल्या बाईला आधार देणे दूरच, समाज तिला विद्रूप करून कोपऱ्यात बसवीत होता, आणि ते काम हातातल्या वस्तऱ्याने करावे लागे त्या न्हाव्याला. त्याने वस्तरा खाली ठेवला. शोक करणाऱ्या माणसाला मदत म्हणून कामगारांनी केलेला दुसरा कोणताही संप आम्हांस ठाऊक नाही. आम्ही मोर्च्यांतून लोखंड्यांच्या नावाने घोषणा देतो, पण ही हकिगत आमच्या पोरांना ठाऊक नसते. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता ९ फेब्रुवारीस लोखंडे स्वतः गेले. पुढच्या महिन्यात, १० मार्चला, सावित्रीबाई फुले त्याच कामात, त्याच रोगाने गेल्या.

पुढे कायदे आले. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. कामगाराच्या मरणाला पैशात मोजण्याची रीत त्याने घालून दिली. १९४८ साली कारखान्यांचा कायदा झाला, त्यात वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा आली. त्याच साली राज्य विम्याचा कायदा झाला; अंत्यविधीच्या खर्चाची तरतूद त्यात मागाहून घातली गेली. हे सारे मोठ्या झगड्यातून मिळाले आहे आणि त्याला नाक मुरडणारा माणूस आम्हांस आवडत नाही. तथापि या तिन्ही कायद्यांत मिळून शोकासाठी म्हणून एका दिवसाचीही वेगळी रजा नव्हती. बाळंतपणाची रजा झाली, आजारपणाची झाली. मयताला गेलेला कामगार आजारी असल्याचा दाखला आणतो. आणि खरे सांगायचे तर तो दाखला अगदीच खोटा नसतो.

आता आमची स्वतःची गोष्ट. आमचा धाकटा भाऊ एका रासायनिक कारखान्यात आगीत गेला, त्याला आता पंचवीस वर्षांवर होऊन गेली. आम्ही तेव्हा संघटनेत नवे, अंगात रग होती. शव ताब्यात घेण्यापासून भावजयीच्या नावावर पैसे जमा होईपर्यंत सारे आम्ही केले. लोक म्हणाले, मोठा खंबीर माणूस. डोळ्यांतून टिपूस काढले नाही. एकदाही नाही. वर्षाने आमची झोप गेली, कोणाशीही भांडण उकरून काढू लागलो, सभेत बोलता बोलता पुढचा शब्द आठवेना. डॉक्टरांनी रक्तदाब तपासला, तो ठीक होता.

पुष्कळ वर्षांनी एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात बोस्टनच्या एका डॉक्टरची हकिगत वाचनात आली. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी त्या शहरातल्या कोकोनट ग्रोव्ह नावाच्या रात्रीच्या करमणूकगृहाला आग लागून ४९२ माणसे मेली. एरिक लिंडेमान हे मानसोपचाराचे डॉक्टर वाचलेल्यांत आणि मृतांच्या नातलगांत हिंडले, त्यांच्याशी बोलले, आणि १९४४ साली त्यांनी निबंध लिहिला. त्यात त्यांनी दाखविले की, जो माणूस त्या वेळी कामात गढून जातो, इतरांना सावरतो, रडत नाही, त्याचा शोक संपलेला नसतो, फक्त पुढे ढकललेला असतो. आणि तो पुढे भलत्याच रूपाने, चिडचिड होऊन, दुखणे होऊन बाहेर येतो. आग, धाकटा भाऊ, खंबीर माणूस. दुकानदार म्हणाला, "पुस्तक घेणार की उभ्यानेच वाचणार?" आम्ही घेतले.

इंग्लंडात १९५९ साली मार्गारेट टॉरी या बाईंनी विधवांसाठी क्रूझ नावाची संस्था काढली. बायबलातल्या एका गरीब विधवेची तेलाची बुधली कधी रिकामी झाली नाही अशी कथा आहे, तिच्यावरून हे नाव. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, त्या संस्थेत मनाचे सांत्वन आणि पेन्शन-कराचा सल्ला या दोन्ही गोष्टी एकत्र चालत. डोसीच्या भाषेत, कागदही होता आणि बसणेही होते.

डोसीने आपल्या मुलाचा दिवस घातला तो भरपाई मिळाल्यानंतरच्या दुसऱ्या भातकापणीनंतर. निरोप आला, आम्ही गेलो. या वेळी हातात कागद नव्हता, त्यामुळे हातांचे काय करावे ते कळेना. अंगणात माणसे दाटीवाटीने बसली होती. कामडी म्हातारा होता, आवाज बारीक, पण रात्रभर तुटला नाही. शब्द आम्हांस अर्धेच कळत होते. मध्यरात्रीनंतर केव्हातरी एका माणसाच्या अंगात वारे आले आणि गेलेला मुलगा बोलू लागला. आम्ही देवभक्त नव्हे, अंगात येण्यावर आमचा विश्वास नाही, त्या रात्रीही नव्हता. डोसी पुढे सरकली, त्या माणसाचे दोन्ही हात धरून रडली, त्याला रागे भरली, पावसाळ्यात छप्पर कोणी शाकारायचे म्हणून विचारले. तो म्हणाला, मी आता जातो, तू जेव. आजूबाजूच्या बायका रडत होत्या, आपापल्या माणसांची नावे घेत होत्या. आणि मग आमच्या ध्यानात आले की आपणही रडतो आहोत, आणि आपल्या तोंडात आपल्या भावाचे नाव आहे. शेजारी बसलेल्या वारल्याने काही विचारले नाही. त्याने विडीचे बंडल पुढे केले.

हे ऐकून कोणाचा असा समज होऊ नये की, जुने ते सारे सोने. त्याच अंगणाची दुसरी बाजू आम्ही पाहिली आहे. माणूस गेला, विशेषतः तरणा किंवा लहान, की "का गेला?" हा प्रश्न उरतो. तो प्रश्न भगताकडे जातो, आणि भगत कधी कधी एखाद्या एकट्या म्हातारीकडे बोट दाखवितो: ही भुताळी, हिने खाल्ला. मग शोकाचा राग होतो आणि राग त्या बाईच्या अंगावर जातो. गोदावरीबाईंनी यावर लिहिले आहे. महाराष्ट्राने जादूटोण्याविरुद्ध कायदा केला तो २०१३ साली, नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. आम्ही शहरातली शिकलेली माणसे या दोषापासून फार दूर आहोत असे मानू नये. दोष कोणाचा हे ठरले की दुःख हलके होते, निदान तसे वाटते. आम्ही कारखानदाराकडे बोट दाखविले, आणि पुष्कळदा ते खरेही होते. पण आपण बोट न्यायासाठी दाखवितो की रडू येऊ नये म्हणून, हे आम्ही स्वतःला उशिरा विचारले.

२०२० च्या साथीत तर वीसांहून जास्त माणसे अंत्ययात्रेला जमू नयेत असा नियम झाला. समाचार बंद, दहाव्याला माणसे नाहीत. त्या काळी गेलेल्यांच्या घरचे लोक आजही भेटले की तेवढेच सांगतात, "कोणी आले नाही हो." त्यांना कळते की येणे शक्य नव्हते. कळल्याने ते सांगायचे थांबत नाहीत.

आता शिकलेल्या मदतीविषयी. ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली मानसिक आरोग्याची संस्था काढली. सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येते. १० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन आहे म्हणून ती तारीख. तलवाड्याची तारीख तीच हा निव्वळ योगायोग. आम्ही हा क्रमांक संघटनेच्या फळ्यावर लिहिला आहे. प्रारंभी तरुण पोरे हसली. आता फळा पुसताना तेवढी ओळ राखून पुसतात. मात्र सायवनच्या पाड्यावरून फोन लागला, तरी वारलीत रडणाऱ्या बाईने प्रमाण मराठीत दुःख कसे सांगावे, हा प्रश्न राहतोच.

किती दिवस रडावे याचीही आता मर्यादा ठरली आहे. २०२२ पासून न संपणारा शोक हे दुखणे म्हणून नोंदविले जाते. जागतिक आरोग्य संघटना ते सहा महिन्यांनंतर मोजते, अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ प्रौढांच्या बाबतीत वर्षानंतर. हे ठरविणारे विद्वान आहेत, त्यांच्यापाशी पाहणी आहे. वर्ष उलटूनही माणूस अन्नाला शिवत नसेल, कामाधामाला लागू शकत नसेल, मरणाची भाषा करीत असेल, तर डॉक्टरकडेच न्यावे, भगताकडे नव्हे; आम्ही तसे नेले आहे, आणि गुण आलेला पाहिला आहे. पण बाकीच्या बहुतेकांना दवाखान्याची गरज नसते. त्यांना चार दिवस आणि एक माणूस हवा असतो. ते दोन्ही न मिळाल्याने त्यांतले काही दवाखान्यापर्यंत पोचतात.

आमच्या संघटनेत अलीकडे एक रीत पडली आहे. मयताच्या घरी दोघे जातात. फाईल नेणारा वेगळा, बसणारा वेगळा. फाईलवाल्याने घरात पाऊल टाकल्या टाकल्या सह्या मागायच्या नाहीत. सायवनच्या बाजूला जायचे असले म्हणजे बसायला डोसी येते. तिला आता नीट दिसत नाही, गाडीत चढताना हात द्यावा लागतो.

गेल्या पावसाळ्यात असेच एका पाड्यावर गेलो. ठेकेदाराकडचा माणूस, वय तीसच्या आत, मागे बायको आणि दोन मुले. अपघाताचा अहवाल आमच्या पिशवीत होता: वेळ, यंत्राचा क्रमांक, पंचांची नावे, सारे. डोसी त्या बाईशेजारी बसली आणि काही बोलली नाही. आम्ही ओटीवर बसलो. पाऊस लागला होता. बऱ्याच वेळाने ती बाई डोसीला म्हणाली, "दुपारचा डबा खाल्लेला का त्याने?"

आमच्या अहवालात ते नव्हते. आम्ही बाहेर येऊन, जेथे फोन लागतो त्या टेकाडावर चढून, त्याच्या जोडीदाराला विचारले. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, खाल्लेला. भाकर होती, सुक्या बोंबलाचे कालवण होते. अर्धे मला दिलेन.

आम्ही आत जाऊन ते सांगितले. तिने ते दोनदा सांगायला लावले.